टेरिनची खात्री

दिवाळी होऊन गेली होती, शेतांत भाताच्या उडव्या उभ्या राहिल्या होत्या, आणि त्या सकाळी तारांच्या कामासाठी भिसेगावची लाईट गेली. नाजनीन घरूनच काम करायची. लॅपटॉप बंद पडायला आला तशी ती स्कूटी काढून कर्जत स्टेशनजवळच्या हॉटेलात जाऊन बसली. तिथे इन्व्हर्टर होता. प्लग मात्र एकच, आणि त्यात एका अनोळखी तरुणाची वायर खोचलेली.

"तुमची बॅटरी किती झालीय?" तिने विचारलं.

"ऐंशी टक्के."

"माझी चार."

त्याने वर पाहिलं, आपली वायर काढली आणि तिची लावली. मग म्हणाला, "चारवाल्याला आधी. अ‍ॅम्ब्युलन्सला रस्ता देतात तसं."

नाजनीनला हसू आलं, कारण ती खरोखरच अ‍ॅम्ब्युलन्सचं काम करत होती. खालापूर तालुक्यात, चौकला एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती, तिथे ती नोकरीला होती. डॉक्टरांच्या एका ट्रस्टने त्यांना अ‍ॅप करायला दिलं होतं. वाडीवर कुणाला साप चावला तर जवळची अ‍ॅम्ब्युलन्स कुठे आहे आणि सापाची लस आज कुठल्या दवाखान्यात शिल्लक आहे, ते फोनवर लगेच कळावं म्हणून. ट्रस्टला हे एकदाच करणं झेपणार होतं. पुन्हा पुन्हा नाही.

तेवढ्यात तिला त्याच्या लॅपटॉपवरचा स्टिकर दिसला. टेरिनचा. टेरिन म्हणजे अ‍ॅप बांधायचा तयार सांगाडा, एका बड्या परदेशी कंपनीने बनवून सगळ्यांना फुकट दिलेला. त्यावर एकदा लिहिलं की कुठल्याही फोनवर चालतं. तिच्या कंपनीच्या राजेश सरांना तोच घ्यायचा होता आणि नाजनीनचं मन धजत नव्हतं. पहिल्या नोकरीत तिने अशाच एका कंपनीच्या सांगाड्यावर काम केलं होतं. रस संपला तसा त्या कंपनीने तो बंद केला, आणि नाजनीनची वर्षभराची मेहनत तशीच पडून राहिली.

"टेरिन वापरता?"

"वापरतो काय... बनवतो," तो जरा लाजत म्हणाला. त्याचं नाव शारिक. नेरळला राहायचा आणि टेरिनच्या टीममध्ये घरूनच काम करायचा. आज अम्मीला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन आला होता.

"मग मला सांगा, दहा वर्षांनी टेरिन असेल?"

शारिकने पाठ केल्यासारखं सांगायला सुरुवात केली. कंपनी टेरिनच्या पूर्णपणे पाठीशी आहे, जगभरात लाखो लोक...

"हे मी तुमच्या वेबसाईटवर वाचलंय," नाजनीन म्हणाली. "तुम्ही सांगा."

तो समोरचा चहाचा कप उगाचच फिरवत राहिला.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

नाजनीनने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. हा प्रश्न तिने बऱ्याच जणांना विचारला होता, आणि हे उत्तर कुणी दिलं नव्हतं.

मग तो मोकळेपणी बोलला. कंपनीच्या भाषणांवर जाऊ नका, म्हणाला. कंपनीची स्वतःची अ‍ॅप्स टेरिनवर चालतात का ते बघा. स्वतःचं काम अडत असेल तर ती सहज सोडणार नाही. कंपनीबाहेरची किती माणसं टेरिन सांभाळतात तेही बघा. आणि एवढं करूनही लसींचं नि रस्त्यांचं गणित टेरिनपासून वेगळं लिहा, म्हणजे उद्या सांगाडा बदलावा लागला तरी आतलं काम वाचेल.

अम्मीचा फोन आला तसा तो उठला. नंबर देताना म्हणाला, "पन्नास टक्के झाली की कळवा."

"कळवून काय होईल?"

"काही नाही... बरं वाटेल."

नाजनीनने संध्याकाळी फक्त 'शंभर' असं लिहून पाठवलं.

राजेश सरांनी टेरिन घेतला. नाजनीनने आतलं गणित वेगळं ठेवायची अट घातली, ती त्यांनी मान्य केली. तिच्या अडचणी वाढल्या — काही खऱ्या, काही शारिकला विचारता याव्यात म्हणून काढलेल्या. रविवारी ती दोघं पळसदरीच्या धरणावर जायला लागली. गवत पिवळं पडलं होतं, पाण्यावरून गार वारा यायचा. एकदा तिच्या हेल्मेटचा पट्टा अडकला. शारिकने तो हलकेच सोडवला आणि पट्टा सुटल्यावरही त्याची बोटं क्षणभर तिच्या हनुवटीजवळ थांबली. परत येताना 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. थंडी संपता संपता शारिक म्हणाला, रमजान झाला की अम्मी तुमच्या घरी रिश्ता घेऊन येईल.

ईद झाली. अम्मी आली नाही. तिची तब्येत बरी नाही, असं शारिक सांगत राहिला.

मग एका सकाळी बातमी आली. कंपनीने माणसं कमी केली होती, टेरिनची निम्मी टीम गेली होती. निम्मं जग टेरिन मेला म्हणत होतं, आणि कंपनी आपण पाठीशी असल्याचं सांगत होती. अ‍ॅप डॉक्टरांच्या हाती द्यायला थोडेच दिवस उरले होते. राजेश सर कपाळाला हात लावून बसले. नाजनीन नेटवर लोक काय लिहितात ते वाचत होती, आणि तिथे एका परदेशी बाईने लिहिलेलं तिच्या नजरेस पडलं. टीममधून गेलेल्या शारिकचे आभार मानले होते तिने, कसा गुणी सहकारी होता ते सांगितलं होतं.

आदल्या संध्याकाळी शारिक तिच्याशी तासभर बोलला होता. सगळं ठीक आहे, म्हणाला होता.

तिने त्याला पळसदरीला बोलावलं. ऊन चांगलंच तापलं होतं.

"तुला कधी कळलं?"

"मागच्या महिन्यात." तो पाण्याकडे बघत होता. आधी कंपनीने जाहीर होईपर्यंत बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. मग तिच्या कामाची घाई सुरू झाली. आणि अम्मीला रिश्ता घेऊन कसं पाठवायचं, बेकार मुलाचा... "पण टेरिन मी सांभाळेन, नाजू. नोकरी नसली तरी. तुझं अ‍ॅप बंद पडू देणार नाही, शब्द देतो."

"नको. कंपनीचा भरवसा नाही म्हणून सगळा भार एका माणसावर टाकू? तू आजारी पडलास तर साप चावायचे थांबणार आहेत का?"

त्याला नको असताना हसू आलं. ती हसली नाही.

"टेरिनचं मी बघून घेईन. उद्या गेलाच तर वरचा सांगाडा बदलू, त्याचं मला दुःख नाही. तुझी नोकरी गेली हे मला परक्या बाईकडून कळलं... त्याचं आहे. हॉटेलात तू 'माहीत नाही' म्हणालास ना, त्या उत्तरावर मी इथवर आले, शारिक."

शारिकने पाण्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"पुढच्या दहा वर्षांचं मी तुला विचारत नाही," ती म्हणाली. "काही बिनसलं तर आधी मला सांगायचं. एवढं जमेल?"

"जमेल."

"लगेच हो म्हणू नकोस, कंपनीसारखं."

शारिकने खरंच विचार केला. "भीती वाटेल," तो शेवटी म्हणाला. "पण सांगेन."

"हे चालेल," नाजनीन म्हणाली. "रविवारी अम्मीला घेऊन ये. आणि माझ्या अब्बांना जे आहे ते सांग."

अ‍ॅप ठरल्या दिवशी डॉक्टरांच्या हाती गेलं. त्याच आठवड्यात एका वाडीवर लाकडं गोळा करताना एका बाईला साप चावला, आणि ती वेळेत खोपोलीच्या दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी राजेश सरांना फोन करून तेवढंच सांगितलं. टेरिन पुढे कोण सांभाळणार, याचा वाद अजून चालूच होता.

रविवारी शारिक अम्मीला घेऊन भिसेगावला आला. अब्बांचं कर्जतला लाद्यांचं दुकान होतं, माणसं पारखायची त्यांना सवय होती. नोकरीचं काय, असं त्यांनी विचारलं. नोकरी बदलतोय असं सांग, म्हणून अम्मीने त्याला वाटेत पढवलं होतं.

"सध्या नाही," शारिक म्हणाला. "गेली. शोधतोय."

अम्मीने मान खाली घातली. अब्बांनी दाराशी उभ्या असलेल्या नाजनीनकडे पाहिलं.

"तुला ठावं हाय?"

"हो."

"अन् तरी?"

"हो, अब्बा."

अब्बांनी दाढीवरून हात फिरवला. "धंद्याचं काय, आज हाय, उद्या नाय," ते म्हणाले. "आमचं दुकान पन एकदा बंद पडलेलं. पोरगा खोटं नाय बोलला, ते बरं केलं." मग अम्मीकडे वळून म्हणाले, "बसा. जेवूनच जा."

हात धुवायला शारिक मागच्या ओट्यावर आला. नाजनीन तांब्यातून पाणी घालत होती.

"नाजू," तो हळूच म्हणाला, "पुण्याहून एक नोकरी आलीय. पगार पहिल्यापेक्षा बराच कमी आहे. घ्यावी की नाही, मला कळत नाहीये. आत सांगायचा धीर झाला नाही... तुला आधी सांगतोय."

नाजनीनने काही विचारलंच नव्हतं. तिने तांब्या खाली ठेवला आणि पदराने त्याचे ओले हात पुसले, सावकाश, एकेक बोट.

"जेवण झालं की दोघं मिळून ठरवू," ती म्हणाली.