रस्ता चांगली आहे

जबलपूरला नेपियर टाउनच्या कोचिंगवाल्या गल्लीत माझी स्कूटी खड्ड्यात आदळली, डबा उसळून रस्त्यावर पडला, आणि मागून येणारा मुलगा बाईक टाकून धावत आला... खड्ड्याजवळ. माझ्याजवळ नाही! उकिडवं बसून त्यानं खड्ड्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि गंभीरपणे म्हणाला, "खालून पाणी मुरलं आहे."

"आणि वरून वरण सांडलंय," मी म्हटलं. "तेही बघता का जरा?"

तेव्हा कुठे नजर वर आली. कान लाल झाले. "सॉरी हं... तुम्हाला लागली तर नाही?"

"लागलं का, म्हणायचं."

"लागलं?"

"नाही."

माणूस भेटला की माझ्या मनात आपोआप दोन रकाने पडतात, जमा आणि नावे. चेरीतालला घरी यावरून मला सगळे मुनीमजी म्हणतात. याच्या नावे लिहिलं: आधी खड्डा बघतो, मग मुलगी. जमा: डबा स्वतःच्या रुमालानं पुसून दिला.

थोड्या वेळानं तेच लाल कान त्याच गल्लीतल्या आमच्या ऑफिसात, माझ्या शेजारच्या खुर्चीवर!

देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांची तब्येत तपासायचं काम होतं ते. कुठला रस्ता धड, कुठला शेवटच्या घटका मोजतोय, हे कळलं की दुरुस्ती आधी कुठे करायची ते ठरणार. जबलपूरच्या आसपासचा तुकडा आमच्या कंपनीकडे होता. गाडी हळू चालवायची, मागच्या सीटवर दोन खिडक्यांशी दोन परीक्षक, आणि प्रत्येक किलोमीटरला दोघांनी आपापल्या टॅबवर गुण द्यायचे. पाच म्हणजे नवाकोरा, एक म्हणजे रामभरोसे.

"गाडीत रस्त्याबद्दल अवाक्षर नको," आमचे टीमप्रमुख दिवाकर सरांनी बजावलं. "दोन माणसं दोन मतांसाठी बसवली आहेत. एकता, सुशांत, समजलं?"

सुशांत. नावासारखाच शांत. आणि मी? माझा पाय एका जागी राहील तर शपथ. खिडकी खाली, खिडकी वर, ओढणी गळ्यात, ओढणी मांडीवर...

गाडीचं दार लागायच्या आधी तो बाहेर बघत म्हणाला, "आज रस्ता चांगली आहे."

जबलपूरच्याच गढा भागातला मराठी मुलगा, पण शाळा हिंदी, दोस्त हिंदी. सडक चांगली, म्हणून रस्ताही चांगली! मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. रस्त्याबद्दल बोलायचं नव्हतं ना! त्या दिवसापासून त्याचा रस्ता बाईच राहिला.

मग आम्ही रस्ता सोडून सगळ्यावर बोललो. शहापुऱ्याकडे मटारची शेतं लागली होती. आमचे ड्रायव्हर नथ्थू भैया टोपलीभर शेंगा घेऊन आले. सुशांत सोलायचा, दाणे माझ्या तळहातावर ठेवायचा आणि स्वतः सालं चघळत बसायचा.

"काहून? तुम्ही सोलून राहिले, मी खाऊन राहिली. हिशोब जुळत नाही हा."

"जुळतो ना... मला सोलणंच आवडते."

"अच्छा! आणि सालं?"

"तुम्ही खात असल्या की... सालंही गोड लागतात."

आरशातून नथ्थू भैया म्हणाले, "मैडम, सड़क बाहर है."

मी बाहेर बघितलं. कान माझेही लाल झाले असावेत. कुठल्या रकान्यात टाकायचं हे?

सुरुवातीला आमचे गुण कधीच जुळत नसत. मी हात राखून देणारी, तो सढळ. पण त्याच्यामुळे मला डांबराची चांगली बाजू दिसू लागली, आणि माझ्यामुळे त्याला भेगा. आम्ही एकमेकांच्या टॅबकडे कधी बघितलं नाही... टॅबकडे नाही. तरी आकडे जवळ येत गेले, आणि एका आठवड्यात तर पहिल्या किलोमीटरपासून शेवटच्यापर्यंत तंतोतंत सारखे आले.

सरांनी दोघांना बोलावलं. "दोघांचे डोळे एक झाले तर दुसऱ्या डोळ्याचा उपयोग काय? उद्याही असंच आलं तर सुशांत शहडोलच्या टीममध्ये. चलो, जा."

रात्रभर कूस बदलत होते. शहडोल! म्हणजे तो तिकडेच मुक्कामाला. मटार कोण सोलणार? आणि ज्याच्या नावे मी रोज काहीतरी लिहायचे, त्याचा जमेचाच रकाना कधी भरून गेला?

दुसऱ्या दिवशी बरेल्याच्या पुढे एक किलोमीटर लागला, थाळीसारखा गुळगुळीत. सरळ चार गुणांचा. सुशांत चारच देणार, हे मला त्याच्या मानेवरूनही कळलं. माझं बोट चारावर गेलं... आणि मी तीन दिले. एकच किलोमीटर, मी मनाला म्हटलं. मन ऐकेना. चांगल्या रस्त्याला आजारी म्हटलं की खऱ्या आजाऱ्याचं औषध जातं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पाय थांबेचना.

संध्याकाळी सर टेबलाशी वाट बघत होते. त्यांनी तो किलोमीटर स्वतः पाहिला होता.

"बरोबर उत्तर सारखं आलं असतं तर एक वेळ म्हटलं असतं, दोन हुशार मुलं. चुकीचं उत्तर सारखं येतं ते फक्त कॉपीत. इथे दोघांचेही तीन कसे?"

दोघांचे? मी सुशांतकडे बघितलं. तो माझ्याकडे.

"सर, कॉपी नाही," मी म्हटलं. "हे चार देतील असं वाटलं, म्हणून मी मुद्दाम तीन दिले. ते... वेगळं दिसावं म्हणून. चूक झाली."

"मी पण," सुशांत हळूच म्हणाला. "मला वाटलं, ह्या चार देतील."

सरांनी चष्मा काढला. आळीपाळीनं आम्हा दोघांना न्याहाळलं. "म्हणजे एकमेकांना तुम्ही विचारलंच नाही?"

"नाही, सर."

"मग विचारा." चष्मा परत डोळ्यांवर चढला. "आधी तो किलोमीटर नीट करा. उद्या सुशांत शहडोलला. हे बदलणार नाही."

आम्ही गुण दुरुस्त केले आणि खाली आलो. गल्लीत तोच खड्डा, तसाच. माझ्या स्कूटीची किल्ली लागेना.

"एकता," तो म्हणाला. एकताजी नाही. "आता आपण एका गाडीत नाही, ना?"

"नाही."

"म्हणजे आता रस्त्याबद्दल बोलता येते."

"बोल ना," मी म्हटलं, आणि मग लक्षात आलं, मीही 'तुम्ही' विसरले.

त्यानं खिशातून एक शेंग काढली, सोलली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले. या वेळी हात लगेच मागे घेतला नाही. त्याचा शांतपणा पार गेला होता. पाय माझ्यासारखाच एका जागी राहीना.

"शहडोलहून दर रविवारी येईन. चेरीतालला. तुझ्या आईबाबांना भेटायला... तू म्हणशील तर. पुढची रस्ता मला तुझ्यासोबत बघायची आहे. सगळी."

पुढची रस्ता! दुरुस्त करायला आता कुणाची मनाई नव्हती. मी तोंड उघडलं.

"ये," मी म्हटलं. "रस्ता चांगली आहे."