हिमनदीवरची गुरुत्वघटिका

आठ दिवसांची चढाई करून तिघे जण हिमनदीवर पोचले तेव्हा शाल्मली दाबकेच्या खांद्यांवर सॅकच्या पट्ट्यांचे वळ उठले होते. तंबू आणि शिधा बाकीच्या दोघांनी वाटून घेतला होता. तिच्या पाठीवर होती अकरा किलोची गुरुत्वघटिका. सहा वर्षं खपून तिने ती बनवली होती. आज पाच हजार मीटर उंचीवर तिची पहिली खरी परीक्षा होती.

बर्फावर तिवई रोवून तिने यंत्र सुरू केलं. हिमनद्यांचा अभ्यास करण्यात तीस वर्षं घालवलेले डॉ. मिरीकर चहाचा मग घेऊन शेजारी बसले.

"घड्याळाने उंची मोजायची, हे अजून माझ्या गळी उतरत नाही बघ," ते म्हणाले.

"सर, जितकं उंच जावं तितकं गुरुत्वाकर्षण क्षीण होतं आणि काळ किंचित भरभर चालतो. समुद्रकाठच्या घड्याळापेक्षा इथलं घड्याळ दिवसाला सेकंदाच्या दोन कोटीव्या भागाने पुढे जातं. आपल्याला ते जाणवत नाही, पण हिला जाणवतं. एका सेंटिमीटरचा फरकसुद्धा."

"पण पुढे म्हणजे कुणाच्या पुढे?"

"जुळ्या घटिकेच्या. ती खाली खार्पो गावात, शाळेत ठेवलीय. दोन्ही यंत्रं उपग्रहामार्फत एकमेकांना आपले ठोके ऐकवतात. ठोक्यांतला फरक म्हणजेच उंचीतला फरक."

पडद्यावर आकडा उमटला: १२४०.०० मीटर. शाल्मलीने आनंदाने टाळी वाजवली. वाटाड्या आंगदुईही हसला. खार्पो त्याचंच गाव, आणि शाळेत शिकवणारी यांगचेन ही त्याची बायको.

तासाभराने आकडा होता १२४०.०४. बारा वाजता १२४०.०९. एक वाजता १२४०.१७.

शाल्मलीचा चेहरा उतरला. "चुकतेय ही. एका जागी ठेवलेल्या वस्तूची उंची वाढेल कशी?"

"थंडीचा परिणाम असेल," मिरीकर समजुतीने म्हणाले.

ती ऐकून घेणारी नव्हती. तिने घटिका उचलून काठावरच्या कातळावर नेली. तिथे अर्धा तास आकडा तसूभरही हलला नाही. परत बर्फावर आणली, आणि आकडा पुन्हा चढू लागला.

"सर, यंत्र ठीक आहे," ती सावकाश म्हणाली. "बर्फच वर येतोय."

मिरीकरांच्या हातातला मग तिथेच राहिला. "पाणी! वितळलेलं पाणी खाली साठतंय. बाहेर पडायची वाट कुठेतरी बुजलीय, म्हणून ते अख्खी हिमनदी उचलून धरतंय. सामान राहू दे! कातळावर चला!"

"आणि मग?" आंगदुईने विचारलं.

"मग ते एकदम फुटेल. गावात पोचायला अर्धा-पाऊण तास."

गाव चालत सहा तासांवर होतं. आंगदुईने धावतच उपग्रह-फोन काढला. "यांगचेन! वरून पाणी येतंय, सगळ्यांना घेऊन..." फोनने एक शीळ घातली आणि तो बंद पडला. गारठ्याने बॅटरी गेली होती. दुसरी कोटात धरून ऊब दिली, तरी फोन सुरू होईना.

"तिला ऐकू गेलं का?" तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

घटिका बर्फावरच सोडली होती. तिचा सुटा, बिनतारी पडदा तेवढा शाल्मलीच्या हातात होता. वीस मिनिटं आकडा संथपणे चढत राहिला. मग तो घसरला. १२३८. १२३५.

मिरीकरांनी डोळे मिटले. "बर्फ बसतोय. पाणी सुटलं."

आंगदुई मटकन खाली बसला. १२२६. १२१९. मग आकडा थांबला. मिनिटभराने पुन्हा घसरू लागला.

शाल्मलीने मान वर केली. समोर त्यांचा लाल तंबू होता तिथेच, होता तेवढ्याच उंचीवर उभा होता.

"सर, वीस मीटर बर्फ बसला असता तर तंबू दिसला असता का?" तिचा आवाज चढला. "हा तर दोन घड्याळांतला फरक आहे! वरचं खाली आलं तरी तो कमी होणार, आणि खालचं वर गेलं तरी! आणि बघा, मध्ये थांबतोय कसा. चढताना माणूस दम खायला थांबतो तसा!"

आंगदुई ताडकन उठला. तिघेही पडद्यावर वाकले. ११९८. ११७०. ११५१. तिथे आकडा स्थिरावला.

"नव्वद मीटर!" तो ओरडला. "गोंपा! आमचा मठ गावापासून तेवढाच वर आहे!" त्याने मिरीकरांना उचलून गरकन फिरवलं.

पाऊण तासाने हिमनदी कडाडली. बर्फ खचला, तंबू आणि घटिका गडप झाली, पडदा काळा पडला. दरीतून पाण्याचा लोट धडधडत खाली गेला.

नेहमीची वाट वाहून गेली होती; डोंगराला वळसा घालून तिसऱ्या दिवशी ते खार्पोत उतरले. शाळा आणि नदीकाठची अकरा घरं वाहून गेली होती. माणूस एकही गेलं नव्हतं. गोंपाच्या पायरीवर यांगचेन बसली होती. पाठीवर चादरीने बांधून नेलेली घटिका शेजारी अजून चालू होती.

"घरातलं सगळं सोडून हे ओझं कशाला उचललंत?" शाल्मलीने तिचे हात हातात घेत विचारलं.

"यांचा आवाज मध्येच तुटला," यांगचेन म्हणाली. "मला ऐकू आलं, हे तुम्हाला कळवायला दुसरं काय होतं माझ्याकडे?"