धवलची राहिलेली ड्युटी

आगाशीत आमच्या शेजारच्या वाडीत प्रल्हाद राहायचा, त्याची बायको रुक्मिणी आणि एकुलता एक जितेंद्र. गोष्ट प्रल्हादने स्वतः सांगितलेली, म्हणून सांगते. आणि मधे कुणी उठायचं नाही.

जितू फौजेत, विमानावर. पाठीवर भलीमोठी तबकडी असलेलं विमान ते. बॉम्ब टाकत नाही, नुसतं लांबवर बघतं. आत ओळीने खुर्च्या, समोर पडदे. पडद्यावर ठिपका दिसला की कुणाचं विमान ते ओळखायचं. त्यांची एक रीत. ड्युटी संपली तरी खुर्ची सोडायची नाही. पुढच्याला पडद्यावर काय काय आहे ते सांगायचं. त्याने खांद्यावर हात ठेवून "घेतलं" म्हटलं की मगच उठायचं.

विमान जितूपेक्षा म्हातारं. नवं येणार, येणार, आणि येईना. मग तसल्याच दुसऱ्या, उभ्या करून ठेवलेल्या विमानातले भाग काढून याला बसवायचे. जितूची खुर्चीही तशीच आलेली. तिच्यावर आचोळ्याचा धवल बसायचा. वर आभाळात, पडद्यासमोर, बसल्या जागी त्याचं हृदय थांबलं होतं.

तर तुळशीच्या लग्नाची रात्र. जितू सुट्टीवर. प्रल्हाद म्हणाला, "चांदीपला आत्याकडे केळ्यांचा घड देऊन ये. जेवायला बसवेल ती. बसू नको, तिच्या गप्पा संपत नाहीत."

बसवलंच तिने. निघाला तेव्हा अकरा वाजून गेले होते.

शिरसाडच्या अलीकडे स्कूटर जड झाली. मागे कुणी बसावं तशी.

जितूने आरशात पाहिलं. रस्ता. नुसता रस्ता.

मग कानाशी आवाज. शांत. कामाचा.

"उत्तरेला दोन, आपले. पश्चिमेला एक, प्रवासी. दक्षिण मोकळी..."

आणि गप्प. वाट बघत असल्यासारखं...

आपण असतो तर ओरडलो असतो. जितूची जीभ सवयीची. बोलून गेली.

"घेतलं."

स्कूटर हलकी झाली.

घरी येऊन त्याने आईबापांना सगळं सांगितलं. मग पडवीत खुर्चीवर बसला, तो उठेना. पापणी मिटेना. डोळे आभाळात, कशामागे तरी फिरत. "पश्चिमेला एक..." एवढंच पुटपुटायचा. घास नाही, पाणी नाही. डॉक्टर झाले, भगत झाला. चौथ्या रात्री प्रल्हाद म्हणाला, "पोरगा हातचा जातोय गं."

रुक्मिणी उठली. प्रल्हादने तिचा हात धरला. "तुला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही कळत. सोडा."

तिने हिरव्या बांगड्यांचा हात जितूच्या खांद्यावर ठेवला. "सांग बाळा. काय काय आहे?"

त्याने सांगितलं. हळू... सगळं.

"घेतलं. ऊठ आता."

जितू उठला आणि तिथेच जमिनीवर झोपला. रुक्मिणी त्या खुर्चीवर बसली.

पहाटे प्रल्हादने तिला हाक मारली...

डोळे उघडेच होते. अंग गार.

वर्षाने जुनं विमान कायमचं उतरवलं. नवं आलं. सगळं कोरं, पडदे कोरे, खुर्च्या कोऱ्या. जितूने आपल्या खुर्चीवरचं कारखान्याचं प्लास्टिक स्वतःच्या हाताने फाडलं. आत, गादीवर, हिरव्या बांगडीची काच होती.

त्याने ती कुणाला दाखवली नाही. बापाला तेवढी दाखवली.

त्या विमानाला आजवर ओरखडा नाही. जितूचं लग्न झालं, बढती झाली, गेल्या महिन्यात मुलगी झाली. प्रल्हाद पेढे घेऊन आला होता. चांगलं चाललंय त्यांचं.