अँब्रोज थर्गेट, वय साडेतीन महिने

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, क्लाइव्ह थर्गेटला, या सगळ्यातून काय मिळणार होतं ते आधी सांगून टाकते.

एक दगडी घर, मरेपर्यंत बिनभाड्याचं. मागे सफरचंदाची तीन झाडं. दर ख्रिसमसला करड्या लोकरीचा एक नवा कोट. आणि तिथल्या चॅपेलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, भिंतीवर पितळी पाटी... 'संस्थापिकेच्या रक्ताचे'. खाली त्याचं नाव.

घराची त्याला काडीची गरज नव्हती. समुद्राकाठी चांगला बंगला होता. त्याचा सगळा जीव अडकला होता त्या पाटीत. चाळीस वर्षं विमा विकला. चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं फॉर्मवर लिहिली. आता स्वतःचं नाव पितळेत बघायचं होतं.

पुढे जे सांगतेय ते खरं आहे. मी तिथे होते. नुसती साक्षीदार नव्हते, भागीदारही होते. म्हणूनच जरा जपून सांगते.

१४ नोव्हेंबर २०१८. बुधवार. दुपारचे पावणेचार, म्हणजे आमच्याकडे दिवे लागायची वेळ. जागा, आमच्या जिल्ह्याच्या दफ्तरखान्यातली वाचनाची खोली. निवृत्त झाल्यापासून मी तिथे फुकट काम करते. लोक आपले पूर्वज शोधत येतात, मी त्यांना जुनं अक्षर वाचून देते. येणाऱ्यांपैकी निम्म्यांना राजा हवा असतो. मिळतो मोची. मग ते माझ्याकडे असे बघतात, जणू मोची मीच ठेवला तिथे.

क्लाइव्ह त्यांतलाच. पण हुशार.

त्याच्याकडे एका बाईच्या मृत्युपत्राची नक्कल होती. डेम, म्हणजे बाईसाहेब, प्रूडन्स थर्गेट, साल १७०४. गावातल्या गरिबांसाठी तिने सहा धर्मादाय घरं बांधली. ती आजही आहेत; विश्वस्त चालवतात, राहणाऱ्यांना दर ख्रिसमसला कोट देतात. पण मृत्युपत्रात एक कलम होतं... माझ्या भावाच्या रक्ताचा कोणी आला, तर चार नंबरचं घर आधी त्याला. त्याला गरिबीचा पुरावा मागू नये.

भावाला मुलगा एकच. अँब्रोज. बाप्तिस्मा, ८ नोव्हेंबर १६९१.

क्लाइव्हच्या खापरपणजोबाच्याही आधी कुठेतरी एक अँब्रोज थर्गेट होताच. १७१६ साली त्याच चर्चमध्ये लग्न लागलेला. हे दोघे एकच, एवढं ठरलं की झालं.

मी चर्चची दफनाची वही उशीवर उघडून बसले होते. पानं हळूच उलटत होते.

आणि थांबले.

"झालं," मी म्हटलं. "मेला तुझा पूर्वज."

"कोण मेला?"

"अँब्रोज. त्याच घरातला, त्याच बापाचा. बावीस फेब्रुवारीला पुरला. लोकरीत गुंडाळून, तशी शपथ झाल्याची नोंद आहे."

त्या काळी कायदाच होता. मढं मेंढीच्या लोकरीतच पुरायचं, आणि तसं कोणीतरी शपथेवर सांगायचं. लोकरीचा धंदा चालावा म्हणून सरकारने मेलेल्यांनाही गिऱ्हाईक केलं होतं.

क्लाइव्ह पुढे झुकला. "साल वाच की, साल! सोळाशे एक्क्याण्णव. आणि बाप्तिस्मा? नोव्हेंबर एक्क्याण्णव. म्हणजे जन्माआधी नऊ महिने मेला का तो?"

स्वतःच्या विनोदावर तो एकटाच हसला.

"क्लाइव्ह, तेव्हा नवं साल पंचवीस मार्चला लागायचं. फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी. आधी नोव्हेंबर, मग फेब्रुवारी. साडेतीन महिन्यांचं पोर होतं."

"हे तुला माहीत."

"इथे झाडू मारणाऱ्यालाही माहीत आहे."

"आणि विश्वस्तांना?"

मी हाताने पान सपाट केलं.

"मग कशाला सांगतेस? ते वाचतील, हसतील आणि सोडून देतील. जन्माआधी मेलेला माणूस कोणी मोजत नाही."

"आणि तुझा खरा अँब्रोज? तोही सापडलाय मला. विधवेचा पोर. चर्चने दया म्हणून बूट घेऊन दिले आणि कातडी कमवायच्या आवारात कामाला लावलं. आयुष्यभर कातडी खरवडली त्याने. लग्न त्याचंच झालंय."

क्लाइव्हने नाक मुरडलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या कातड्याचा वास आता आल्यासारखं.

"तो दुसऱ्या कोणाचा तरी असेल," तो म्हणाला.

तेवढ्यात...

उचकी.

बारीकशी. तान्ह्या बाळाला लागते तशी.

मी वर पाहिलं. खोलीत आम्ही दोघं आणि टेबलामागचा कारकून. तो साठीचा, दाढीवाला.

परत उचकी. या वेळी जवळून. वहीखालच्या उशीतून यावी तशी...

मी वही मिटायला गेले. दोन पानांच्या सांध्यात लोकरीचा पुंजका होता. ओला. मिनिटापूर्वी तेच पान मी हाताने सपाट केलं होतं.

"कोणाच्या तरी स्वेटरचा असेल," क्लाइव्ह म्हणाला आणि त्याने तो चिमटीत धरून फेकून दिला.

डिसेंबरात विश्वस्तांची बैठक झाली. त्या घरासाठी रांगेत पहिलं नाव होतं बेरिल पीग्रामचं. एकतीस वर्षं शाळेत पोरांना जेवण वाढलेली बाई. मासे-चिप्सच्या दुकानावर एका खोलीत राहायची. जिना उभा, गुडघे गेलेले. सहा वर्षं ती चार नंबरच्या घराची वाट बघत होती. लिंबाचा केक करून आणला होता बिचारीने.

अध्यक्षीण बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ही फेब्रुवारीची नोंद काय आहे? तुम्ही जाणकार. काही शंका?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. बेरिलसुद्धा.

"नाही," मी म्हटलं. आणि दाव्याच्या कागदावर सही केली.

का केली? बहिणीचा नवरा. घरात कटकट नको. अशा वेळी माणूस जी कारणं देतो, ती सगळी माझ्याकडे तयार होती.

बाहेर क्लाइव्हने बेरिलचा हात हातात घेतला. "वाईट वाटून घेऊ नका, मिसेस पीग्राम. शेवटी रक्त ते रक्त."

"हो ना, मिस्टर थर्गेट," ती म्हणाली. "माझं मेलं गुडघ्यातच साकळलंय."

केक तिने तरीही सगळ्यांना वाटला. क्लाइव्हने दोन तुकडे खाल्ले.

मला ख्रिसमसला त्याच्याकडून शेरीची एक बाटली आली.

जानेवारीत क्लाइव्ह आणि माझी बहीण जॅनेट चार नंबरमध्ये राहायला गेली. क्लाइव्हने वंशावळ काचेत मढवून दारातच टांगली. वर डेम प्रूडन्सचा बाप, मग भाऊ, मग अँब्रोज, आणि तिथून उतरत उतरत शेवटी क्लाइव्ह आणि जॅनेट. त्यांच्याखाली काही नाही. त्यांना मूल झालं नव्हतं.

आठवड्याभरात जॅनेटचा फोन.

"मॉरीन, इथे कोणाला बाळ झालंय का गं?"

"तुमच्या शेजारी सगळ्यात तरुण बाई एक्क्याहत्तरची आहे."

"मग उचक्या कोणाला लागतात?"

मी हसले. हसण्याचा आवाज मलाच बरा वाटला नाही.

पुढच्या आठवड्यात कोटाची गोष्ट. क्लाइव्हला मिळालेला तो करडा कोट. जॅनेटने कपाट उघडलं तर पाठीचा भाग गायब. हातभर रुंद, दीड हात लांब.

कापलेला नव्हता. उसवलेला नव्हता. तेवढा कोट नव्हताच...

मग तिचे फोन थांबले. मला हायसं वाटलं. खरं तर तेव्हाच घाबरायला हवं होतं.

२२ फेब्रुवारी २०१९. शुक्रवार. चारच्या चहाला मी त्यांच्याकडे गेले.

ही दफनाची तारीख माझ्या लक्षात नव्हती. दाराशी पोचेपर्यंत.

जॅनेटने दार उघडलं. एकाच हाताने. दुसरा हात कोपरात वाकवून छातीशी धरलेला.

"हळू ये," ती कुजबुजली. "आत्ताच झोपलाय."

हातात काही नव्हतं.

काहीच नव्हतं... पण तिच्या ब्लाउजची बाही कोपराजवळ खाली दबली होती. वजन असलं की दबते तशी.

ओल्या लोकरीचा वास घरभर होता.

आणि माझी बहीण खूश होती. मी तिला साठ वर्षं ओळखते. इतकी खूश कधी पाहिली नव्हती. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याचीच.

नजर चुकवायला मी भिंतीकडे पाहिलं. वंशावळीत क्लाइव्ह आणि जॅनेट यांच्या खाली एक रेघ उतरली होती. बारीक, तपकिरी शाईची. जुन्या वह्यांतली शाई असते ना, तशी. काच सीलबंद होती.

रेघेच्या टोकाला नाव नव्हतं. अजून.

क्लाइव्ह स्वयंपाकघरात बसला होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"एक वाक्य, क्लाइव्ह," मी दार लोटून म्हटलं. "विश्वस्तांना जाऊन सांग, ते पोर साडेतीन महिन्यांचं असताना गेलं. तू त्याला मोठं केलंस, त्याचं लग्न लावलंस, त्याच्या पोटी पोरं घातलीस. कागदावर का होईना, तूच जिवंत केलंस त्याला. मेलं होतं, मेलेलं राहू दे."

"आणि पाटी?"

"पाटी काढतील."

त्याने चहात चमचा फिरवला.

"ती खुशीत आहे ना?" तो म्हणाला. "मग कशाला उगाच."

"क्लाइव्ह, ती हवा जोजवतेय!"

"मग तू सांग की. सही तुझीच आहे." आणि हसला. तेच, एकट्याने हसायचं ते हसू.

बाहेरून जॅनेटची अंगाई ऐकू येत होती. मध्ये मध्ये उचकी...

एवढं खरं की मी सांगायचं ठरवलं. दफ्तरखान्यातून मला काढून टाकलं असतं, तरी ठरवलं. सोमवारी गेले, वही मागवली, पान काढलं.

एकोणीस फेब्रुवारी, एक म्हातारा. दोन मार्च, एक बाळंतीण.

मध्ये रिकामी ओळ.

खरवडलेलं नाही. पुसलेलं नाही. चामड्याचा कागद तेवढ्या जागी कोरा, नव्यासारखा. फोनमध्ये मी फोटो काढून ठेवला होता. त्यातही तीच रिकामी ओळ.

"पाद्र्याने जागा सोडली असेल," कारकून म्हणाला.

तो आता कुठेच मेलेला नाही. काय सांगणार होते मी, आणि कशाच्या आधारावर?

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. बाळ वाढत नाही. साडेतीन महिन्यांचंच आहे. जॅनेट मात्र म्हातारी झाली. मागच्या रविवारी मी निघताना तिने मला थांबवलं.

"माझ्यानंतर तू घेशील ना गं याला? क्लाइव्हकडे दिला की रडतो. परक्या माणसाकडे रडावं तसा."

मी काहीतरी पुटपुटले आणि बाहेर पडले. बस थांब्यावर हातमोजे काढायला खिशात हात घातला.

ओलं काहीतरी लागलं.

मऊ...

मी बघितलं नाही. कोट तिथेच बाकावर ठेवला आणि थंडीत घरी आले. घरी आल्यावर तो खुंटीवर होता.

तर गोळाबेरीज अशी. क्लाइव्हला घर मिळालं, कोट मिळतात, पाटी तो दर शनिवारी स्वतः पुसतो. त्याचं काही गेलं नाही. कातडी खरवडणाऱ्या अँब्रोजला त्याच्याच वंशजाने टाकून दिलं. बेरिल पीग्राम त्याच वर्षी मे महिन्यात जिन्यावरून पडली, ती परत उठली नाही. माझ्या बहिणीचा डावा हात आता सरळ होत नाही.

आणि मी. शेरीची एक बाटली. ती कधीच संपली.

माझा नंबर अजून लागायचा आहे.