चंपतराव उलटे बसत

अस्थी न्यायच्या म्हणजे दिवसाउजेडीचं काम. पण पुष्पलताच्या बापाच्या अस्थी न्यायला तिचा चुलता गोपाळराव दुपारी येतो म्हणाला अन् आलाच नाही. पानठेल्यावर म्हणे बोलला, "पोरगी काहून नेते अस्थी?" मेला स्वतः नेईना अन् तिलाही नेऊ देईना. पोरींनो, हसू नका. नागपुरात सक्करदऱ्यातली आमची शेजारीण होती ती. तिनं सांगितलं तेच सांगते, अन् शेवटचं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं.

तिचा बाप चंपतराव. मोठ्या लढाईत ब्रह्मदेशावर विमानातून जायचा. पायलट पुढं तोंड करून बसे, अन् त्याच्या मागं हा, तोंड शेपटाकडं, हातात मशीनगन. मागून दुश्मन आला तर यानं पाहायचं. लढाई संपली, पण याचं मागं पाहणं काही संपलं नाही. सायकलच्या कॅरिअरवरसुद्धा उलटाच बसे. पोरगी नर्स, तीच त्याला फिरवी. मागं बसलेला बाप दिसत नसे, म्हणून निघताना विचारी, "बाबा, बसले का?"

"बसलो, चाल."

कितीक वर्षं हेच.

"मंग रात्री झोपत होते का, मावशी?"

कुठचा झोपतो! "मागून आलं, मागून आलं" करत उठायचा. शेवटी पोरीचा हात धरून म्हणाला, "पुष्पे, डोये थकले मागं पाहून. आता मले सुटू दे."

तिला एवढंच करायचं होतं. बापाला सोडवायचं.

१९७८ सालचा डिसेंबर सरत आला होता. अवसेची रात्र. दिवेलागणीपर्यंत वाट पाहून तिनं मडकं पिशवीत घातलं, पिशवी हँडलला बांधली. मी बजावलं, "नदीत सोडून झालं का सरळ निघ. वळून पाहू नको. हाक मारू नको, हाकेनं मेलेलं माणूस परतते."

"मी काय लहान आहो का वं, यमुताई?"

कामठी ओलांडून ती कन्हानच्या घाटावर पोचली. चिटपाखरू नाही. अस्थी सोडल्या, मडकं फोडलं. रडली नाही. वळली नाही. पदर खोचला, पायडलवर पाय ठेवला...

अन् सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"बाबा, बसले का?"

...

मागचं चाक दबलं.

हळू. माणूस बसतो तसं.

तिनं जीव खाऊन पायडल मारलं. सायकल निघाली, पण ओढता ओढेना. मग पाठीला पाठ लागली. ओली. गार.

"बाबा... उतरा ना..."



"बाबा, पाया पडते. जा आता..."

नुसता श्वास. दमलेल्या माणसाचा.

कामठी गेली. नागपूर आलं. पाठ हलली नाही.

पहाटे ती माझ्या दारात कोसळली. तिला आत निजवलं अन् मी अंगणात आले. सायकल भिंतीला टेकलेली. कॅरिअर रिकामं. धुळीत चाकांची रेघ. अन् रेघेच्या दोन्ही बाजूंनी दोन चर... लोंबत्या पायांच्या टाचा घासत आल्यासारखे. रस्त्यापासून थेट सायकलीपर्यंत.

तिथं चर थांबले.

त्याचं खाली उतरल्याचं पाऊल मात्र कुठंच नव्हतं.