पडवीच्या खोलीतली रेंज

पडवीच्या खोलीत वाय-फाय पोचत नव्हतं. खरं तर अडचण एवढीच होती.

आमचं घर कुंभवलीच्या टोकाला, वाडीत आहे. रस्त्यापासून आत आत जाणारं, लांबट. पुढे ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी पडवीची खोली. पुढचा भाग आम्ही नव्याने बांधला. मागच्या भिंती मात्र वडिलांच्या वेळच्या, जाड दगडी. राउटर ओटीवर असतो. माजघरात नेट रखडतं, स्वयंपाकघरात तुटतं आणि पडवीत त्याचा मागमूसही नसतो. मोबाइलची रेंजसुद्धा त्या भिंती ओलांडत नाही. खोलीच्या मागे चिकूची झाडं, विहीर आणि त्यापलीकडे नुसतं खाडीकाठचं पडीक, खारट खाजण. तिकडे घर नाही, दिवा नाही. वारा फिरला की कारखान्यांचा उग्र वास येतो, तेवढीच सोबत.

प्रेमलाने, माझ्या बायकोने, शेवटचे महिने त्याच खोलीत काढले. ती गेल्यावर मी तिथे झोपायला लागलो. आमच्या मुलीला, हिमानीला, ते मुळीच आवडलं नाही. ती पुण्याला असते.

"बाबा, त्या खोलीत तुम्हाला काही झालं तर मला कळणार कसं? तिथे फोन लागत नाही, मेसेज जात नाही. एक तर खोलीत नेट घ्या, नाहीतर घराला कुलूप लावून इकडे या."

"बघतो."

"तुमचं बघणं मला माहीत आहे. दिवाळीला मी गाडी घेऊनच येते."

तशी ती आलीही असती. मला घर सोडायचं नव्हतं. का, असं कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. त्या खोलीत संध्याकाळी बसलं की वाटायचं, शेजारी कुणी तरी नुकतंच उठून गेलं आहे. तेवढंच उरलं होतं, आणि ते पुण्याला नेता येण्यासारखं नव्हतं.

हिमानीनेच एक्स्टेंडर पाठवला. हाताच्या पंजाएवढा पांढरा डबा, थेट सॉकेटमध्ये लावायचा. राउटरचे सिग्नल घेऊन तो पुढे पाठवतो. पडवीत सॉकेट एकच आहे, प्रेमलाच्या उशाशी, जिथे तिचं ऑक्सिजनचं मशीन लागायचं. मी तिथेच लावला. थोडा वेळ लाल दिवा लुकलुकला, मग स्थिर हिरवा झाला. फोनवर रेंजच्या सगळ्या रेषा भरल्या. हिमानीला व्हिडिओ कॉल केला तर तिचा चेहरा अगदी स्वच्छ दिसला.

पुढच्या आठवड्यात केबलवाला मेहुल ओटीवरची वायर बदलायला आला. मी त्याला कौतुकाने खोली दाखवली. तो हसायला लागला.

"सर, हा इथं नाय लावायचा. सगळी हीच चूक करतात. जिथं रेंज नाय तिथंच नेऊन ठोकतात."

"मग कुठे लावायचा?"

"मधी, माजघरात. त्याला खायला तर मिळालं पाहिजे ना. तुमी उपाशी माणसाला वाढायला बसवलाय."

"पण चालतोय."

"चालणारच नाय." त्याने स्वतःचा फोन काढला आणि त्याचं हसू थांबलं. राउटरवर कोण कोण जोडलंय ते त्याने बघितलं, ओटीवर जाऊन आला, पुन्हा बघितलं. मग खोलीच्या मागच्या खिडकीकडे, खाजणाच्या बाजूला फोन धरून उभा राहिला.

"काय झालं?"

"सर, तुमच्या राउटरला हा जोडलेलाच नाय." त्याचा आवाज खाली आला होता. "आणि या खिडकीकडे रेंज वाढतेय... मग याला खायला कोण घालतंय?"

मी चहा टाकतो म्हणालो. तो थांबला नाही.

अंगणात येसूबाई झावळ्या गोळा करत होती. ती वाडीत काम करते, प्रेमलाच्या आजारपणात रात्री तिच्याजवळ झोपायची. तिने सगळं ऐकलं असावं, कारण मेहुलची बाइक गेल्यावर ती पडवीच्या दारात येऊन उभी राहिली आणि त्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिली.

"मास्तर, आमी त्या राती दिवा ठेवला ती जागा हीच ना?"

हीच होती. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या जागेवर दिवा ठेवतात. दिव्याशेजारी परातीत तांदळाचं पीठ पसरतात, वर टोपली झाकतात. सकाळी पिठावर जो ठसा दिसेल, त्यावरून माणूस कुठल्या रूपात पुढे गेलं ते समजतात. टोपली उघडली तेव्हा मी मुद्दाम बाहेर थांबलो होतो. पुढे विचारलंही नव्हतं.

"तवा तुमाला बोलली नाय मी," येसूबाई म्हणाली. "पीठ तसंच व्हतं. मुंगीचा पाय नाय त्याच्यावर."

"म्हणजे काय समजायचं?"

"वयनींनी जायाचं मनावरच घेतलं नाय." तिने पदर सारखा केला. "तशा त्या कुठं जायाच्या म्हटलं की येळ लावायच्याच."

ती झावळ्या ओढत निघून गेली. मी एक्स्टेंडर काढून माजघरात लावायला हवा होता. हात पुढे केलाही. डबा कोमट होता. मी तसाच राहू दिला.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी, वीजवाल्यांनी दुरुस्तीसाठी नेहमी करतात तशी लाइट बंद केली. पंखा थांबला. राउटर बंद, एक्स्टेंडरचा दिवा बंद. खोलीत चिकूचा गोडसर वास तेवढा साचून राहिला होता. मी प्रेमलाच्या पलंगावर टेकलो होतो. फोन वाजला, हिमानीचा व्हिडिओ कॉल. उचलल्यावर मला कळलं, की तो यायलाच नको होता.

वरच्या कोपऱ्यात रेंजच्या सगळ्या रेषा भरलेल्या होत्या.

"बाबा, आता शेवटचं विचारते," ती म्हणाली. कानात इअरफोन होते. "दिवाळीला येताय की नाही? मला खरं काय ते सांगा."

मी तोंड उघडलं. शब्द जुळवत होतो. अजून एकही निघाला नव्हता.

"अहो, दोघं एकदम नका ना बोलू," ती वैतागून म्हणाली, "मला काही कळत नाही."

तिचा हात सावकाश वर गेला आणि तिने इअरफोन कानात आणखी आत दाबला. तिची नजर माझ्यावर नव्हती. मला काहीच ऐकू येत नव्हतं... वाडीतली पानंसुद्धा नाही. हिमानी ऐकत होती. बराच वेळ ऐकत होती. तिचे डोळे भरून आले, तिने मान हलवली आणि लहानपणी म्हणायची तसं म्हणाली, "बरं."

कॉल बंद झाला.

ती दिवाळीला गाडी घेऊन आली नाही. पुण्याला या, असंही तिने पुन्हा म्हटलेलं नाही. रोज न चुकता फोन मात्र करते आणि पडवीतूनच बोला म्हणते. सुरुवातीला थोडा वेळ ती माझ्याशी बोलत नाही. मधूनमधून "हं" म्हणते, एखादवेळी हसते. मी फोन समोर धरून बसतो आणि तिच्या चेहऱ्यावरून अंदाज घेतो. मीही कान लावतो, पण माझ्यापर्यंत काही येत नाही. काय ऐकतेस, असं मी विचारलेलं नाही. विचारलं आणि बंद झालं तर?

काल तिचं ऐकून झालं, मग तिने माझ्याकडे बघितलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पलंगावर जरा भिंतीकडे सरकून बसता का... तिला जागा होत नाहीये."

मी सरकलो.