एका झटक्यात सुटणारी गाठ

आडवी

"आई, आज तू फारच तरुण दिसतेस."

आवाज दारातून आला. मी पलंगावर उताणी पडले होते, बूट काढून, हात पोटावर, डोळे छताकडे. ताडकन उठले आणि गडबडीत उजवा पाय डाव्या बुटात घातला.

दारात एक उंच माणूस. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मनगटावर ताजे बारीक ओरखडे, हातात सोललेलं संत्रं. सगळ्या खोलीत त्या संत्र्याचा वास.

"मी... मला वाटलं, पलंग रिकामा आहे."

"रिकामाच होता. आई अंघोळीला गेलीय." त्यानं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. "तपासणी? तुम्ही झोपून तपासता?"

"हो."

"पगार मिळतो याचा?"

"मिळतो."

"मग मी चुकीच्या धंद्यात आहे," तो म्हणाला.

वृद्धाश्रमांना दर्जा देणं हे माझं काम. न कळवता जायचं, बघायचं, लिहायचं. आमच्या ऑफिसात सगळे उभ्यानं तपासतात. पण उभ्या माणसाला कुठलीही जागा पाहुण्याला दिसावी तशीच दिसते. फरशी चकचकीत, टेबलावर फुलं, भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. इथे राहणारा माणूस मात्र दिवसातला बराच वेळ पाठीवर असतो. त्याला काय दिसतं? उशाशी ठेवलेलं पाणी हाताला लागतं का? म्हणून मी आडवी होते. सहकारी हसतात. हसू देत.

या खोलीत पाणी हाताला लागलं. खिडकीतून झाडाचा शेंडा दिसला, छान हलता. घंटीची दोरी मात्र लागली नाही. मी उशीजवळ चाचपडत राहिले, मग वर पाहिलं. दोरी गोळा करून पार वर, पडद्याच्या दांडीला बांधून टाकलेली, गाठीची एक शेपटी तेवढी लोंबती.

"ही कोणी बांधली?" मी विचारलं.

त्यानं वर पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण जागच्या जागी थांबलं.

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि संत्रं या हातातून त्या हातात घेतलं.

मला तो राग वाटला. आईची घंटी कोणी बांधून ठेवली म्हणून मुलाला आलेला राग. मला आवडला तो. खरं सांगायचं तर ओरखडेसुद्धा आवडले.

तेवढ्यात चाकाच्या खुर्चीतून त्याची आई आली. ओले पांढरे केस, खांद्यावर टॉवेल. खुर्ची ढकलणारी सेविका ठेंगणी, धाप लागलेली. तिला सगळे मावशी म्हणत.

"डॉक्टर, आलात? बरं झालं," आई मुलाला म्हणाली. मग माझ्याकडे वळून कुजबुजली. म्हणजे तिला ती कुजबुज वाटत होती. "हे डॉक्टर फार चांगले हो. रोज येतात. यांना आई नाही बहुतेक."

तो मान खाली घालून संत्र्याच्या शिरा काढत राहिला.

मग त्यानं संत्र्याची एक फोड तिच्या ओठांशी धरली. "बी काढलीय. सावकाश चावा."

चावा, म्हणाला. दारातून 'तू' म्हणत आलेला माणूस तिच्यासमोर 'तुम्ही' म्हणत होता. परक्या डॉक्टरनं म्हणावं तसं.


उभी

दर्जा एका भेटीत ठरत नाही. दोष कळवायचा, उत्तराला वेळ द्यायचा, मग पुन्हा जाऊन बघायचं. बांधलेली घंटी हा मोठा दोष. मी तो कळवला, आणि पुढच्या खेपेला दोरी उशीशी मोकळी लोंबत होती.

मी पुन्हा गेले, मग पुन्हा. तो असायचा तेव्हाच नेमकी जायचे असं काही नव्हतं.

असंच होतं.

"तुम्ही कसले डॉक्टर?" मी व्हरांड्यात विचारलं. आम्ही दोघं कागदी पेल्यातला चहा घेऊन कठड्याशी उभे होतो.

"कुत्री, मांजरं, गाई. एकदा पोपट. त्यानं मला शिव्या दिल्या."

"इंजेक्शन दिल्यावर?"

"सुई बघूनच. उच्चार फार स्वच्छ होते."

मी हसले तर चहा हिंदकळला. त्यानं खिशातून रुमाल काढला, त्यावर कसले तरी केस होते, तो त्यानं ओशाळून परत ठेवला.

"मॅडम, एक विचारू? घरीसुद्धा आडव्या होऊन तपासता?"

"घरी आडवी झाले की मी झोपते."

"एकट्याच?" आणि तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... एकट्या राहता का, असं विचारायचं होतं."

"हो," मी म्हणाले. "दोन्ही प्रश्नांना."

वर त्याच्या आईनं वेगळाच तपास लावला होता.

"डॉक्टर, या मुलीचं लग्न झालंय का विचारा."

"तुम्हीच विचारा ना."

"मी विसरते. तुम्ही लक्षात ठेवाल."

"नाही झालं," मी म्हणाले.

"बघा! आणि तुमचं?"

"नाही."

"मग अडलंय कुठे?" असं म्हणून तिनं घंटीची दोरी ओढली. जिन्यावर पावलं धडधडली, मावशी दारात.

"काय हवं, आजी?"

"काही नको ग. येतंय का कोणी, बघत होते."

"आले ना? दर वेळी येते ना?"

"येतेस बाई."

मावशी कमरेवर हात ठेवून गेली. तिचं पाऊल जिन्यावरून उतरतंय न उतरतंय, तोच पुन्हा दोरी. मी हसत त्याच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. तो त्या दोरीकडे बघत होता.


बसून

त्या दिवशी आभाळ सकाळपासून दाटलेलं होतं. आश्रमाचं लेखी उत्तर आलं होतं, आणि मी ते खरं-खोटं करायला गेले होते. उत्तरात लिहिलं होतं: दोरी बांधणाऱ्या सेविकेला कामावरून काढण्यात आलं आहे.

मावशी मागच्या दाराच्या पायरीवर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत घडी केलेला ॲप्रन. मी तिच्या शेजारी बसले.

"मी नाही बांधली हो, बाई," ती म्हणाली. रडत नव्हती, रडून झालेलं दिसत होतं. "त्या घंटीनं जीव मेटाकुटीला आला, हे खरं. सगळ्या मजल्याला मी एकटी. मनातल्या मनात त्या आजीला काय काय बोलले असेन, माझं मला माहीत. पण दोरीला हात नाही लावला. आणि लावीन म्हटलं तरी..." तिनं हात वर केला. पायरीवर बसलेल्या मावशीचा तो आखूड हात माझ्या डोक्याच्या जरासाच वर गेला. "पोचेल का हा त्या दांडीला?"

इतके दिवस मी दोरीकडे पाहत होते. दांडी किती उंच आहे, हे मी पाहिलंच नव्हतं.

समोर फाटक वाजलं. तो आला होता. बरोबर एक लंगडं कुत्रं, पायाला पट्टी, इथल्या म्हाताऱ्यांना कुरवाळायला मिळावं म्हणून आणलेलं. त्यानं कुत्र्याचा पट्टा फाटकाच्या गजाला बांधला. हात सवयीनं फिरले. दोन वेढे, एक फास, आणि एक शेपटी लोंबती सोडलेली.

ती शेपटी मी ओळखत होते. उताणी पडून मी ती बघितली होती.


पुन्हा उभी

पाऊस भुरभुरायला लागला होता. मी फाटकापाशी गेले.

"आज ओळखपत्र उलटं झालंय, मॅडम," तो हसून म्हणाला. "कोण आहात ते कळत नाहीये."

"ही गाठ कुठे शिकलात?"

"ही? कॉलेजात, पहिल्याच आठवड्यात शिकवतात. जनावर बिथरलं तर एका झटक्यात सुटायला हवी, नाहीतर स्वतःलाच इजा करून घेतं. हे टोक ओढलं की..."

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. पाऊस त्याच्या पापण्यांवर बसत होता आणि तो पुसत नव्हता.

"मग आईंची का नाही सुटली?" मी विचारलं.

त्यानं गाठीची शेपटी बोटांत धरली, आणि सोडून दिली.

"तिचा हात पोचत नव्हता," तो म्हणाला.

कुत्रं त्याच्या पायाशी अंग घासत होतं. तो गजाशी बोलल्यासारखा बोलत राहिला. "दोन ठिकाणांहून परत आणली तिला. दोन्हीकडे हीच तक्रार, घंटी. इथल्या व्यवस्थापक बाईंनीही मला बोलावून घेतलं... म्हणाल्या, असंच चाललं तर दुसरी सोय बघा. इथे खिडकी आहे हो. झाड दिसतं. मी निघताना बांधायचो, आल्यावर सोडायचो. वाटलं, तेवढा वेळ शांत राहील." त्यानं कुत्र्याच्या कानामागे खाजवलं. "राहिलीसुद्धा. हाक मारून कोणी येत नाही हे कळलं की जनावर शांत होतं. लोक म्हणतात, बरं झालं, रुळलं. ते रुळलेलं नसतं. मला ठाऊक होतं ते... माझं कामच ते आहे."

मला त्याचा हात धरावासा वाटला. आणि मला त्याचा राग आला. दोन्ही एकाच वेळी, एकमेकांना जराही जागा न देता.

"मावशींना काढलंय," मी म्हणाले. "तुमच्या गाठीपायी. मागच्या पायरीवर बसल्यात."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मला माहीत नव्हतं."

"आता आहे."

"मी सांगितलं तर आईला इथून..."

"काढतील कदाचित."

"आणि नाही सांगितलं तर तुम्ही लिहाल."

"लिहावंच लागेल. पण त्याआधी तुम्ही सांगितलंत तर..."

"तर?"

"तर मला बरं वाटेल. दर्जा तेवढ्यानं बदलणार नाही. फक्त मला बरं वाटेल."

त्यानं गाठीची शेपटी ओढली. गाठ सुटली. पट्टा त्यानं माझ्या हातात दिला. "धरा जरा," म्हणाला, आणि आत गेला.

मी आणि ते लंगडं कुत्रं भिजत उभे राहिलो. व्यवस्थापक बाईंच्या खोलीची काच पावसानं धूसर झाली होती. तो उभा दिसत होता, बाई बसलेल्या. त्यांचे हात हलत होते, त्याचे नाही. मग तो मागच्या दारानं बाहेर आला, मावशीसमोर वाकून काहीतरी बोलला. मावशी उठली. तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली, चांगली जोरात. मग तो तिची पिशवी उचलून तिच्या मागोमाग आत गेला.


ऑफिसात, साहेबांसमोर

"सर, त्या आश्रमाचा दर्जा मी देऊ शकत नाही. दुसरं कोणी पाठवा. जे पाहिलं ते सगळं लिहिलंय, गाठ कोणी बांधली तेही. पण खरा दोष गाठीचा नाही. एका मजल्याला एकच बाई आहे, तो आहे."

"इतकं सगळं कळलंय, मग तूच दे की दर्जा."

"नियमाप्रमाणे मला तिथलं नातं सांगायचंय."

साहेबांनी चष्मा काढला. "कोण राहतं तुझं तिथे?"

"कोणी नाही."

"मग नातं कुठलं?"

"एक डॉक्टर आहेत... त्यांची आई आहे."

"कसले डॉक्टर?"

"जनावरांचे."

"अस्सं," साहेब म्हणाले. चष्मा पुसत राहिले, जरा जास्तच वेळ. "त्यांना सांगितलंस हे?"

"नाही. आधी तुम्हाला."

"कमाल आहे तुझी! बरं, जा. मी बघतो."


आडवा

माझ्या जागी जो सहकारी गेला, त्यानं उभ्यानं तपासलं. दर्जा बेताचाच मिळाला, आणि मजल्यावर आणखी एक बाई नेमायची अट. बाई नेमली गेली. मावशी राहिली. त्याच्या आईची खिडकीही राहिली.

मी मात्र बरेच दिवस गेले नाही. माझा राग जायची वाट बघत होते. तो पुरता गेला नाहीच. एका सकाळी लक्षात आलं की त्या रागासकट जाता येईल. ओळखपत्र घरी ठेवलं, एक संत्रं घेतलं.

खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर तो होता. उताणा, बूट काढून, हात पोटावर, डोळे वर.

"आई," मी म्हणाले, "आज तुम्ही फारच उंच दिसताय."

तो उठला नाही. हसलाही नाही. त्याच्या डोळ्यांच्या कडांना पाणी होतं, ते कानांकडे ओघळलं होतं.

"इथून दांडी दिसते," तो म्हणाला. "मान वळवली तरी दिसते. तिला सगळा वेळ दिसत होतं. दोरी आहे, आणि आपला हात पोचत नाही. मी इथे कधी पडलोच नव्हतो ग."

'ग' म्हणाला. त्याला कळलंच नाही. मला कळलं.

मी उंबऱ्यातच उभी राहिले.

त्यानं हात लांब केला. उशीजवळची दोरी बोटांना लागली. त्यानं ती ओढली, हलकेच. खाली कुठेतरी घंटी वाजली.

"कोणाला बोलावताय?"

"बघतोय," तो म्हणाला. "...येतंय का कोणी."

उंबऱ्यापासून पलंगापर्यंत अंतर थोडंच होतं. मी ते चालले.

"आले," मी म्हणाले.

त्यानं माझा हात धरला, धरूनच उठून बसला. त्याच्या बोटांना औषधाचा वास होता, माझ्या हाताला संत्र्याचा. बाहेरून "आले हो, आले!" म्हणत मावशी खुर्ची ढकलत आली. खुर्चीत त्याची आई, ओल्या केसांची. आम्ही हात सोडला नाही. तिनं आधी तो हात पाहिला, मग आमचे चेहरे.

"डॉक्टर, पलंगावर का? बरं नाही का?"

"आता बरं आहे."

"मुली, यांच्याकडे लक्ष दे हं," ती मला कुजबुजून म्हणाली. "यांना आई नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. या वेळी तो गप्प बसला नाही. खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसला, तिच्या मांडीवर हात ठेवला.

"आहे," तो म्हणाला. "आहे मला आई."

तिनं त्याच्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलं. ओळखलं नाही. पण त्याच्या केसांत अडकलेलं पिसासारखं काहीतरी काढलं आणि झटकून टाकलं.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "हाक मारली की येते ना?"

"येते," तो म्हणाला.